माणसाला मोजायचे कशाने?

संध्याकाळची वेळ आहे. पारावर चार मंडळी टेकली आहेत. एस. टी. फाट्यावर थांबून गेली आणि एक अनोळखी गृहस्थ पिशवी सावरीत गावाकडे येताना दिसतो. तो पारापाशी पोहोचायच्या आतच मंडळींनी त्याला नजरेने तोलून घेतलेले असते. अंगलट कशी, वर्ण कसा, चाल कशी. मग कोणीतरी विचारतो, "रामराम पाव्हणं! कुठलं गाव?" पाहुणा दोन वाक्ये बोलतो न बोलतो तोच एखादा म्हातारा म्हणतो, "बोलण्यावरनं खानदेशाकडलं दिसता." पुढचा प्रश्न ठरलेलाच. "कुणाकडं निघालात? ते तुमचे कोण लागतात?" नात्याचा धागा कुठेतरी जुळतो. "म्हणजे तुम्ही आपलेच की हो!" असे म्हणून चहा सांगितला जातो. चहा येईपर्यंत गोष्ट निघते ती जुन्या गावाची. गाव पूर्वी नदीच्या पलीकडे होते म्हणतात, पांढरीच्या टेकाडावर अजून खापरे सापडतात, तिथून ते केव्हा उठले कोण जाणे.

माणूस दिसतो कसा, बोलतो कसा, त्याची नाती आणि रीतभात काय, आणि त्याच्या मागच्या पिढ्या कोठे व कशा राहात होत्या, हे ते चार प्रश्न. याच चार प्रश्नांचा पद्धतशीर अभ्यास करणारे जे शास्त्र, त्याला मानवशास्त्र म्हणतात. मराठीत त्याला पुष्कळ दिवस मानववंशशास्त्र असेही म्हटले गेले, आणि काही ठिकाणी अजून म्हणतात. या नावात 'वंश' हा शब्द आहे, आणि त्या एका शब्दाने या शास्त्राला बराच काळ आडवाटेला नेले होते. ती वाट कोणती, तीवरून ते परत कसे आले आणि आज त्याच्या कोणत्या शाखा काय काम करतात, हे आज आपण पाहू.

ही कथा १८७१ या सालापासून सुरू करणे सोयीचे आहे. त्या वर्षी इंग्लंडात एडवर्ड टायलर नावाच्या विद्वानाचा 'प्रिमिटिव्ह कल्चर' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्याने संस्कृतीची जी व्याख्या केली ती आजही या शास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकवतात. तिचा आशय साधा आहे. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती आणि इतर सवयी, जे जे माणूस समाजात राहून मिळवतो, ते सगळे मिळून संस्कृती. यातला 'मिळवतो' हा शब्द लक्षात ठेवावा. डोळ्यांचा रंग माणूस जन्मतः घेऊन येतो, पण भाकरी थापणे, ओवी म्हणणे, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणे, हे त्याला शिकावे लागते. महाराष्ट्रात जन्मलेले तान्हे मूल जपानात वाढवले, तर ते जपानीच बोलेल आणि काड्यांनी भात खाईल.

आता त्याच १८७१ सालची दुसरी गोष्ट. त्या वर्षी हिंदुस्थानच्या इंग्रज सरकारने एक कायदा केला. त्याचे नाव गुन्हेगार जमाती कायदा. त्यामागचा तर्क असा मांडण्यात आला की या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. तेव्हा गुन्हा करणाऱ्यांचीही वंशपरंपरा असलीच पाहिजे. झाले! सबंध जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरल्या. त्यांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत गेली, त्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवान्यावाचून गावाबाहेर जायचे नाही. आरंभी हा कायदा उत्तरेकडच्या भागात होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढवून तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करण्याची सोय झाली. आपल्याकडे सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यांना लोक 'सेटलमेंट' म्हणत.

एकाच साली आलेल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. सुताराचा मुलगा सुतार होतो हे त्या काळी खरेच होते. पण रंधा मारण्याची कला त्याच्या रक्तात नसते. लहानपणापासून तो बापाच्या हाताखाली भुसा झाडतो, पटाशीला धार लावतो, चुकला तर टपली खातो, तेव्हा कुठे तो सुतार होतो. जे शिकण्याने येते ते जन्माने आले असे समजणे, ही त्या कायद्यामागची चूक होती. टायलरच्या व्याख्येत तिचे उत्तर होते. तरीही ती चूक ऐंशी वर्षे लाखो माणसांच्या मानेवर बसली. आणि खुद्द टायलरही आपल्या काळाच्या पुढे पूर्ण गेला नव्हता. जगातले सगळे समाज एकाच शिडीच्या पायऱ्यांवर उभे आहेत, खाली रानटी आणि अगदी वर युरोपीय, असे त्या काळचे बहुतेक विद्वान मानीत, तसेच तोही मानी.

शिडी मानली की कोण कोणत्या पायरीवर हे ठरवायला माप लागते. ते माप त्या काळच्या विद्वानांनी माणसाच्या शरीरात शोधले. येथे या शास्त्राच्या पहिल्या शाखेची गोष्ट सुरू होते. तिचे नाव शारीरिक मानवशास्त्र.

डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची उंची आणि रुंदी, कवटीचा आकार ही मापे कॅलिपर नावाच्या चिमट्यासारख्या उपकरणाने घेत. हिंदुस्थानात या मोजणीचा मोठा पुरस्कर्ता म्हणजे हर्बर्ट रिस्ले हा इंग्रज अधिकारी. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुखपद त्याच्याकडे होते. नाकाची रुंदी आणि जातीची सामाजिक पायरी यांचा सरळ संबंध आहे, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत त्याने मांडला. आज ऐकताना हसू येते, पण त्या वेळी सरकारी छापखान्यातून जाडजूड ग्रंथ निघत होते आणि शिकलेली माणसेही ते गंभीरपणे वाचत होती.

त्याला शास्त्राच्याच भाषेत उत्तर देणाऱ्यांत एक मालवणचे गृहस्थ होते. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये. केंब्रिजला शिकून आल्यावर १९२४ पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचे प्रमुख होते. १९३२ साली त्यांनी जात आणि वंश या विषयावर ग्रंथ लिहिला आणि तीच मापे पुन्हा तपासून पाहिली. गंगेच्या खोऱ्याच्या एका भागात रिस्लेचा नियम थोडाफार जुळतो. इतर प्रांतांत, महाराष्ट्रातही, नाकाच्या मापावरून जातीची पायरी सांगता येत नाही, असे त्यांनी दाखवले.

तिकडे अमेरिकेत फ्रान्झ बोआस हे जर्मनीतून गेलेले पंडित कवट्यांचा दुसराच पाया तपासत होते. डोक्याचा आकार वंशाचा आहे आणि तो बदलत नाही, असे सर्वजण धरून चालले होते. बोआस यांनी न्यूयॉर्कमध्ये येऊन राहिलेल्या परदेशी कुटुंबांतील सुमारे अठरा हजार माणसांची मापे घेतली. १९११ च्या सुमारास निष्कर्ष बाहेर आले. आईबाप परदेशात जन्मलेले आणि मुले अमेरिकेत जन्मलेली, अशा घरांत मुलांच्या डोक्याची ठेवण आईबापांहून काहीशी वेगळी निघाली. हा फरक किती मोठा, यावर पुढे वाद झाले. परंतु हाडाचा आकार म्हणजे दगडावरची रेघ, ही समजूत त्या दिवसापासून ढिली झाली.

आणि आता बर्लिनची गोष्ट. इरावती कर्वे हे नाव 'युगान्त'मुळे आपल्या घरोघर माहीत आहे. त्यांचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. मुंबईस घुर्यांच्या हाताखाली शिकून त्या जर्मनीस गेल्या आणि ओयगेन फिशर या प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधन करू लागल्या. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे कडवे समर्थक. माणसाची कवटी डावीउजवीकडे अगदी सारखी नसते, हे खरेच आहे. पण ही असमानता युरोपीय माणसांत अधिक असते आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असे या गुरूंचे अनुमान होते. ते सिद्ध करण्याचे काम या पंचविशीतील मराठी मुलीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या. वंशाचा आणि त्या असमानतेचा काही संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला आणि तोच आपल्या प्रबंधात लिहिला. १९३० साली त्यांना पदवी मिळाली. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि फिशरसारख्यांच्या सिद्धांतांचा आधार घेऊन पुढे लाखो निरपराध माणसांचा संहार झाला. परक्या देशात, गुरूच्या घरात राहून, मापाने जे दाखवले तेच सांगायचे, याला किती धैर्य लागले असेल याची कल्पना शिक्षक मंडळींना सहज येईल.

इरावतीबाईंनी पुढेही मोजमाप सोडले नाही, पण त्यांचे प्रश्न निराळे झाले. महाराष्ट्रातले कुंभार घ्या. त्यांच्यात थोरचाके, लहानचाके असे गट आहेत. धंदा एक, नाव एक, पण चाकाची रीत वेगळी आणि परंपरेने आपापसात सोयरीक नाही. हे सगळे एकाच मूळ जातीचे तुकडे आहेत, की वेगवेगळे गट केवळ एका धंद्याच्या नावाखाली शेजारी आले आहेत? बाईंचे मत दुसऱ्या बाजूला झुकले. वर कोण आणि खाली कोण हे ठरवण्याचा त्यात प्रश्नच नव्हता. समाज कसा जुळत आला हे त्यांना पाहायचे होते.

आज ही शाखा कवटीपेक्षा रक्त, दात आणि डी. एन. ए. यांकडे अधिक पाहते. जगातली कोणतीही दोन माणसे घ्या, त्यांच्या डी. एन. ए. चा मजकूर शेकडा सुमारे ९९.९ भाग एकसारखा असतो. आणि उरलेला जो थोडा फरक, त्यातला बहुतेक भाग एकाच समूहातल्या दोन माणसांमध्ये सापडतो. कातडीचा रंग हा मुख्यतः उन्हाशी जुळवून घेण्याचा परिणाम आहे. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार पुष्कळ कुटुंबांना माहीत आहे. तोच आजार आफ्रिकेतही आहे आणि भूमध्य समुद्राच्या काठीही आहे. त्याचे बीज आई आणि बाप या दोघांकडून आले तर आजार होतो. एकाकडूनच आले तर मलेरियापासून काही संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान्पिढ्या मलेरियाचा जोर होता, तिथे हे बीज टिकून राहिले. पाहा, डासाने माणसांची जी वाटणी केली ती कोणत्याही वंशाच्या वाटणीशी जुळत नाही. दोन्ही वाहकांनी लग्नाआधी रक्त तपासून घ्यावे हे जे आरोग्यसेविका सांगतात, त्यामागे या शाखेचे कामही आहे.

दुसरी शाखा पुरातत्त्वाची. ज्यांनी काही लिहून ठेवले नाही, त्यांची विचारपूस कशी करायची? त्यांच्या कचऱ्याकडून, चुलीकडून, थडग्याकडून. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत, म्हणजे नऊशे वर्षे नांदलेली शेतकऱ्यांची वस्ती तेथे सापडली. तांब्याची थोडी हत्यारे, दगडाची पाती, रंगवलेली मडकी, जव आणि इतर धान्ये, नदीचे पाणी वळवण्यासाठी काढलेला पाट. शेवटच्या काळात मात्र चौकोनी ऐसपैस घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. गावाला वाईट दिवस आले होते, हे भिंतीच सांगतात.

या उत्खननातली एक गोष्ट ऐकली की मन गलबलते. लहान मूल गेले तर ती माणसे त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत मुलाला निजवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. ज्या भुईवर आई दळत-कांडत होती, तिच्याखाली तिचे लेकरू होते. त्या लोकांची भाषा आपल्याला माहीत नाही, त्यांच्या देवांची नावे माहीत नाहीत. परंतु हे मडके पाहिल्यावर त्यांना रानटी म्हणण्यास कोणाची जीभ उचलेल?

तिसरी शाखा भाषेची. भाषा म्हणजे नुसते व्याकरण नव्हे. लोकांनी जग कसे वाटून घेतले आहे, याची ती नोंदवही आहे. इंग्रजीत 'कझिन' म्हटले की संपले. आपल्याला मात्र चुलतभाऊ, मावसभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ असे वेगवेगळे सांगावे लागते. असे का? कारण त्या नात्यांशी वागण्याचे नियम निराळे आहेत. महाराष्ट्रातल्या पुष्कळ समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, पण चुलतबहीण आणि मावसबहीण या सख्ख्या बहिणीसारख्या. नियम वेगळा, म्हणून शब्द वेगळा.

आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडे जुन्या वळणाच्या घरांत सून सासूला काय म्हणते? 'आत्याबाई'. आणि सासऱ्याला 'मामंजी'. सासू काही प्रत्येकीची आत्या नसते. परंतु ज्या मुलीला मामाच्या घरून भाच्याला दिली, तिची सासू खरोखरच तिची आत्या असते. अशी लग्ने ज्या घरांतून कधीच झाली नाहीत, तिथेही हा शब्द पोहोचला आणि राहिला. जुन्या पांढरीत जशी खापरे राहतात, तशी बोलीतही जुनी रीत राहते. इरावतीबाईंनी १९५३ साली भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अशा शब्दांचा प्रांतोप्रांतीचा साठा आहे. उत्तरेत लेक अनोळखी गावी आणि परक्या घरी द्यायची, दक्षिणेत ओळखीच्या घरी, नात्यात द्यायची. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये बसतो, असे त्यांनी दाखवले. तेव्हा शिक्षकांनो, मुलांनी वर्गात घरचा शब्द उच्चारला तर 'अशुद्ध' म्हणून एकदम खोडू नका. वहीच्या मागच्या पानावर तो लिहून ठेवा. त्यात कोणाच्या तरी आजीचा इतिहास असेल.

चौथी शाखा सामाजिक आणि सांस्कृतिक मानवशास्त्राची. इथे उपकरण म्हणजे स्वतः माणूसच. पूर्वीचे पंडित खुर्चीत बसून, प्रवाशांनी व पाद्र्यांनी पाठवलेली पत्रे वाचून दूरच्या लोकांविषयी लिहीत. ही पद्धत बदलण्यात मोठा वाटा ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की या पोलिश गृहस्थांचा. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिले. लोकांच्या वस्तीतच तंबू ठोकला, त्यांची भाषा शिकले, त्यांच्या बागा, भांडणे, जत्रा पाहिल्या. १९२२ साली त्यांनी जे पुस्तक लिहिले त्यात 'कुला' नावाच्या एका चालीचे वर्णन आहे.

त्या बेटांवरचे लोक होड्यांतून, समुद्राचा धोका पत्करून, दूरच्या बेटांवर जात. कशासाठी? तर लाल शिंपल्यांच्या माळा आणि पांढऱ्या शंखांची कडी यांची देवघेव करण्यासाठी. माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेने फिरत, कडी उलट दिशेने. ती विकायची नाहीत आणि कायमची ठेवायचीही नाहीत; काही काळ मिरवून पुढच्या सोबत्याला द्यायची. बाहेरच्याला वाटेल, काय हा वेडेपणा! पण आपल्याकडच्या लग्नातला आहेर आठवा. अमक्यांनी तमक्या साली लुगडे केले, हे आहेराच्या वहीत लिहून ठेवतो आणि त्यांच्या घरचे कार्य निघाले की तोलामोलाचा आहेर घेऊन जातो. त्यात पैशाचा फायदा कोणाचाच नसतो. फिरत असते ते नाते. ट्रोब्रियांडच्या माळाही तेच काम करीत होत्या. त्या माळा फिरल्या की ज्या बेटांवर आपले कोणी नाही तिथेही उतरायला घर मिळे, आणि सोबतच्या मालाचा व्यापारही होई.

अशा अभ्यासातून या शास्त्राचे एक सूत्र तयार झाले. दुसऱ्याची चाल आपल्या अंगणातल्या फूटपट्टीने मोजायची नाही. ती त्या लोकांच्या जगण्यात कोठे बसते ते आधी पाहायचे. मात्र इथे एक गैरसमज टाळला पाहिजे. समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. अस्पृश्यता कशी टिकली हे अभ्यासकाने जरूर समजून घ्यावे, पण म्हणून ती बरी ठरत नाही. इरावतीबाई पंढरीच्या वारीत पायी गेल्या. भजनात, चालण्यात, उन्हापावसात एक असलेली माणसे जेवायच्या वेळी जातवार वेगळी बसतात, हे त्यांना रोज दिसत होते. वारीचा आनंदही त्यांनी लिहिला आणि त्या वेगळ्या पंगतींची खंतही लिहिली. खऱ्या अभ्यासकाला दोन्ही दिसावे लागते.

हे ज्ञान ग्रंथालयात पडून राहावे असेही नाही. कोयनेचे धरण झाले आणि गावेच्या गावे उठली. त्या उठलेल्या लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्याबरोबर केली. तिचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. जमिनीचा मोबदला रुपयांत देता येतो. पण भावकी तुटली, लेकी दिलेली गावे दूर गेली, गावदेवी पाण्याखाली राहिली, हा हिशेब सरकारी कागदात कोणत्या रकान्यात लिहायचा? तो रकाना आखायला शिकवणे हेही या शास्त्राचे काम आहे.

श्रोतेहो, आता पुन्हा १८७१ कडे येऊ. त्या सालचा तो कायदा स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द केला. त्या जमातींना तेव्हापासून विमुक्त म्हणतात आणि ३१ ऑगस्ट हा दिवस ते मुक्तिदिन म्हणून पाळतात. कायदा एका दिवसात रद्द होतो. मनातली नोंदवही मात्र इतक्या लवकर फाडली जात नाही. गावात चोरी झाली की पहिली नजर अजून कोणत्या पालांकडे जाते, हे आपले आपल्यालाच ठाऊक आहे. शाळेत एखादे पारध्याचे पोर मागच्या बाकावर बसलेले असते, त्याला गणित येत नाही, आणि कोणीतरी सहज बोलून जाते, "जातच तसली, त्याच्या डोक्यात कुठलं शिरणार!" बोलणाऱ्याने कॅलिपर हातात घेतलेला नसतो, पण त्या क्षणी तो रिस्लेच्याच रांगेत उभा असतो.

त्याच पोराला रानात घेऊन जा. कोणत्या पाखराची शीळ कोणती, तितर कोठे दबा धरून बसतो, ओल्या मातीवरचा माग किती वेळापूर्वीचा, हे ते घडाघडा सांगेल. ते ज्ञान त्याने मिळवलेले आहे, टायलरच्या व्याख्येतले ते मिळवणे. ज्या डोक्यात हे शिरले, त्यात गणितही शिरेल. त्याला शिकवणारा माणूस, पोटाला भाकरी आणि बसायला पुढचा बाक मिळाला पाहिजे.

मानवशास्त्राने दीडशे वर्षांत माणसाचे डोके मोजले, नाक मोजले, हाडे मोजली. त्या मापांतून माणसाची लायकी काही निघाली नाही. निघाले ते इतकेच, की आपण सगळे एकाच कुळातले, आफ्रिकेतून निघून जगभर पांगलेले, आणि शिकण्यावाचून ज्यांचे चालत नाही असे प्राणी आहोत. पारावरच्या म्हाताऱ्याने चार प्रश्न विचारून शेवटी जे म्हटले, तेच या शास्त्रालाही पुष्कळ चुका केल्यानंतर म्हणावे लागले आहे. "म्हणजे तुम्ही आपलेच की हो!" उद्या शाळेत हजेरी घेताना मागच्या बाकापर्यंत नजर जाईल, तेव्हा हे वाक्य आठवावे, एवढीच विनंती.